घरी बोलतोच की, मग शाळेत कशाला?

मुलांच्या शाळेचा विषय निघाला की आपल्याकडे एक वाक्य हमखास ऐकू येते, "भाषेचं काय, घरी बोलतोच की आपण. शाळा इंग्रजीच बरी." कोकणी मुसलमानाच्या घरात, मराठवाड्यातल्या दखनी बोलणाऱ्या घरात, आणि चुलीपासून ओसरीपर्यंत मराठीच चालते अशा घरातही हेच ऐकू येते. बोलणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पोराला नोकरी मिळावी, चारचौघांत त्याने मान खाली घालू नये, एवढेच त्याला हवे असते. पण भाषा घराच्या भरवशावर टिकते का? या प्रश्नाचे उत्तर एका समाजाने फार मोठी किंमत मोजून शोधले आहे. त्यासाठी न्यूझीलंडमधल्या रुआतोकी नावाच्या खेड्यात, तिथल्या सरकारी प्राथमिक शाळेत जावे लागेल.

रुआतोकी हे न्यूझीलंडच्या उत्तर बेटावर, फाकाताने नदीच्या खोऱ्यात, उरेवेराच्या डोंगरांच्या पायथ्याशी वसलेले आहे. इथे माओरी लोकांपैकी तुहोए जमात राहते. १८६० च्या दशकातल्या युद्धांनंतर वसाहतीच्या सरकारने तुहोएंच्या सुपीक जमिनी जप्त केल्या. त्याच काळात, १८६७ साली, 'नेटिव्ह स्कूल्स'चा कायदा झाला. माओरी वस्तीने जमीन द्यायची, खर्चाचा वाटा उचलायचा आणि सरकारने शाळा चालवायची, अशी ती व्यवस्था होती. शिक्षण शक्य तितके इंग्रजीतून द्यायचे, हे कायद्यातच होते.

या कथेत एक गोष्ट आपण सहसा विसरतो. इंग्रजी फक्त वरून लादली गेली नाही. १८७६ साली वी ते हाकिरो आणि आणखी ३३६ माओरींनी संसदेकडे अर्ज केला. शाळेत माओरीचा शब्दही बोलू देऊ नये, शिक्षकाला आणि त्याच्या कुटुंबालाही ती भाषा येत नसावी, अशी त्यांची मागणी होती. गोऱ्यांशी व्यवहार करायचा तर त्यांची भाषा हवी, आणि आपली भाषा काय, घरात आहेच, असा हिशेब त्यामागे असावा. मला या अर्जात आपल्याच मोहल्ल्यातल्या पालकांचा आवाज ऐकू येतो.

पुढे शाळेत माओरी बोलल्याबद्दल मुलांना छड्या बसल्या. ती मुले मोठी झाली, आईबाप झाली, आणि आपल्या लेकरांना तो मार नको म्हणून घरातही इंग्रजी बोलू लागली. १९२० च्या दशकात माओरी नेते सर आपिराना न्गाता गावोगाव सांगत होते की घरात आणि समाजात माओरी बोला. शाळेसाठी मात्र त्यांचाही आग्रह इंग्रजीचाच होता. म्हणजे घरी आपली भाषा, शाळेत इंग्रजी. आपलाच तोडगा.

त्याचे काय झाले ते आकडेच सांगतात. १९१३ साली माओरी शाळकरी मुलांपैकी सुमारे ९० टक्के मुलांना माओरी बोलता येत होती. १९५३ साली हे प्रमाण २६ टक्क्यांवर आले. १९७५ पर्यंत ते ५ टक्क्यांच्याही खाली गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर माओरी कुटुंबे मोठ्या संख्येने शहरांत गेली, हेही त्याचे मोठे कारण होते. पण शहरात गेलेल्या घराला भाषा धरून ठेवायला आधार लागतो, आणि शाळेने तो कधीच काढून घेतला होता.

१९७० च्या दशकात भाषाशास्त्रज्ञ रिचर्ड बेंटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर बेटावरच्या हजारो माओरी घरांची पाहणी केली. जिथे मुले अजून माओरी बोलतच वाढत होती अशी गावे अगदी मोजकी उरली होती. रुआतोकी त्यांतले एक. गाव आडबाजूला होते, सगळे व्यवहार माराए म्हणजे जमातीच्या सभास्थानाभोवती फिरत होते, आणि तुहोएंमध्ये रुजलेल्या रिंगातू पंथाच्या प्रार्थना माओरीतूनच मुखोद्गत केल्या जात होत्या.

दरम्यान १९७२ साली न्गा तामातोआ या तरुणांच्या गटाने आणि त्यांच्या साथीदारांनी ३० हजारांहून जास्त सह्यांचा अर्ज संसदेला दिला. मागणी होती, शाळेत माओरी शिकवा. शंभर वर्षांपूर्वी पूर्वजांनी केलेल्या अर्जाच्या नेमकी उलटी! आणि १९७८ साली रुआतोकीची शाळा देशातली पहिली अधिकृत द्विभाषिक शाळा झाली. घरून येणारी भाषा दारातच काढून ठेवायची, हा नियम एका सरकारी शाळेने मोडला. इंग्रजी कुणी काढली नाही. ती राहिलीच.

ज्यांच्या घरातून भाषा गेली होती त्यांनी वेगळी वाट काढली. १९८२ पासून 'कोहंगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी, या बालवाड्या सुरू झाल्या. तिथे आज्या-आजोबा लहानग्यांशी फक्त माओरी बोलत. पण ही मुले इंग्रजी प्राथमिक शाळेत गेली की भाषा झपाट्याने विसरत. म्हणून १९८५ मध्ये ऑकलंडला पहिली 'कुरा कौपापा', पूर्ण माओरी माध्यमाची शाळा, निघाली. १९८७ च्या कायद्याने माओरी अधिकृत भाषा झाली आणि १९८९ मध्ये या शाळांना सरकारी मान्यता मिळाली. आज तिथे ८१ ते १०० टक्के शिकवणे माओरीतून होत असेल तर ती पहिली पातळी, ५१ ते ८० टक्के असेल तर दुसरी, अशी मोजणी होते. सरकारी अनुदानही त्यावर ठरते. भाषा आठवड्यातून दोन तासांचा 'विषय' म्हणून जगत नाही. गणित, भूगोल, मैदानावरचे भांडण, सगळे त्या भाषेत व्हावे लागते.

मराठीची अवस्था माओरीसारखी नाही, हे मान्य. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटींहून जास्त होते. पण आपल्या दखनीला आणि कोकणीला कोणती शाळा आहे? त्या फक्त घराच्या आधारावर उभ्या आहेत. आणि मराठीचे म्हणाल, तर फाडफाड मराठी बोलणारे पण मराठीचे पान वाचताना अडखळणारे मूल आता आपल्या घरांत नवे राहिलेले नाही. मकतबमध्ये आपली मुले अरबी अक्षरे सुरेख वाचतात, अर्थ कळत नाही. उद्या मराठीचे उलटे होईल, अर्थ कळेल, अक्षर कळणार नाही.

गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेचा पट घटतो तेव्हा आपण त्याकडे मास्तरांच्या बदलीचा प्रश्न म्हणून पाहतो. मग ती मराठी असो वा उर्दू. इंग्रजी उत्तम शिकवा, ही मागणी त्या शाळेकडेच करता येते. तिथला वर्ग बंद पडला तर घरात बोलतोच की, असे म्हणणारी शेवटची पिढी कदाचित आपली असेल.