पोर्टाचा वेग आणि घरचे इंटरनेट

1973 साली कॅलिफोर्नियातील पालो आल्टो येथे, झेरॉक्सच्या संशोधनशाळेत, रॉबर्ट मेटकाफ आणि डेव्हिड बॉग्ज यांनी इथरनेटची रचना आरंभिली, ती एकाच इमारतीतील संगणकांना परस्परांशी जोडण्यासाठी; सेकंदाला 2.94 मेगाबिट वाहून नेणाऱ्या त्या तजविजीत घरोघरच्या इंटरनेटचा विचारही नव्हता. इथरनेटच्या पोर्टाचा, म्हणजे केबल खोचण्याच्या खाचेचा, अंमल घराच्या भिंतींपुरता असतो, बाहेरून येणाऱ्या तारेवर त्याची हुकमत चालत नाही, आणि हे विस्मरणात गेल्यामुळेच पुष्कळ ग्राहकांचे द्रव्य व्यर्थ खर्ची पडते.

1995 मध्ये इथरनेटचे शंभर मेगाबिटचे मानक सिद्ध झाले; त्याच वर्षी 15 ऑगस्टला विदेश संचार निगमने आपल्याकडे सार्वजनिक इंटरनेट सुरू केले, ते मात्र दूरध्वनीच्या तारेवरून, मोडेमच्या कर्कश स्वरांनिशी, किलोबिटांच्या मापाने येई. 2004 च्या सरकारी धोरणाने 256 किलोबिटांस ब्रॉडबँडचा दर्जा बहाल केला, तेव्हा तांब्याच्या तारेवरील गिगाबिट पोर्टाचे मानक, म्हणजे जवळजवळ चार हजार पट वेग, पाच वर्षांचे जुने झाले होते.

घरापर्यंत आलेल्या फायबरच्या जोडणीने हे पारडे फिरवले. तीनशे मेगाबिटची जोडणी घेणाऱ्याच्या घरी शंभरचे पोर्ट असलेला जुना राउटर असेल, तर संगणकापर्यंत पंचाण्णव मेगाबिटच्या आसपासच पोहोचतात. दोष केबलचाही असू शकतो: राउटरला संगणकाशी जोडणाऱ्या केबलच्या पारदर्शक टोकात आठ रंगीत तारा दिसतात. शंभरास चार पुरतात, गिगाबिटास आठही लागतात, आणि त्यांतील एक तुटली तरी वेग शंभरावर उतरू शकतो. म्हणून 2016 च्या अडीच गिगाबिट मानकाचे पोर्ट विकत घेण्यापूर्वी वाचकांनी आपली जोडणी किती मेगाबिटची आहे हे बिलावर पाहावे, आणि केबल तपासावी.