काजवा

काजवा : भुंगेऱ्यांच्या गटातला, अंधारात चमकणारा कीटक. जगभरात त्याच्या २,००० हून अधिक जाती आहेत. दिवसा पानाखाली बसलेला हा लांबट, तपकिरी किडा सहसा कुणाच्या लक्षातही येत नाही.

काजव्याचा दिवा पोटाच्या टोकाशी, खालच्या बाजूला असतो. तिथे ल्युसिफेरिन नावाचे द्रव्य असते. अंगातल्या बारीक नळ्यांतून ऑक्सिजन तिथे पोहोचला आणि ल्युसिफेरेज या दुसऱ्या द्रव्याची मदत मिळाली, की पिवळसर हिरवा उजेड पडतो. चुलीचा उजेड पोळतो. हा पोळत नाही. काजवा तळहातावर बसला तरी चटका बसत नाही.

या दोन द्रव्यांचा छडा राफाएल द्युब्वा या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८८५ च्या सुमारास लावला. त्यासाठी त्याने चमकणाऱ्याच एका दुसऱ्या भुंगेऱ्याचे दिवे वापरले. थंड पाण्यात कुटलेले दिवे थोडा वेळ चमकून विझले. गरम पाण्यात टाकलेले लगेच विझले. मग ही दोन्ही विझलेली पाणी त्याने एकत्र केली, आणि उजेड परत आला! थंड पाण्यातले ल्युसिफेरिन संपले होते, पण ल्युसिफेरेज शिल्लक होते. गरम पाण्यात ल्युसिफेरेज निकामी झाले, ल्युसिफेरिन तसेच राहिले.

काजवे चमकतात ते मुख्यतः एकमेकांना शोधण्यासाठी. नर उडता उडता चमकून हाक देतो. गवतावर किंवा पानावर बसलेली मादी चमकून ओ देते. किती वेळाने आणि किती वेळा चमकायचे, हे प्रत्येक जातीचे वेगळे असते. म्हणून काजवे पाहताना टॉर्च बंदच हवा. आपल्या झगझगीत उजेडात ही हाक हरवते.

अळीसुद्धा चमकते. मी बेचव आहे, मला खाऊ नका, असे ती शत्रूंना बजावत असते. स्वतः मात्र ती पक्की शिकारी असते. गोगलगायीला चावून ती आधी बधिर करते, मग तिचे मांस पातळ करून शोषून घेते. काजव्याचे बहुतेक आयुष्य असे अळीच्या रूपातच, ओल्या मातीत आणि पालापाचोळ्यात जाते. पंख फुटल्यावर तो काही दिवस, फार तर काही आठवडे जगतो.

सह्याद्रीत मेअखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत, पावसाचा जोर वाढण्याआधी, काजव्यांचा बहर असतो. भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या भागांत हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर ते हजारोंनी जमतात. कधी कधी अख्खे झाड एका तालात उजळते आणि विझते. मुलांना हे जरूर दाखवावे, पण पायवाट सोडू नये आणि काजवे बाटलीत कोंडू नयेत. काही जातींच्या मादीला उडायचे पंखच नसतात. ती गवतात, जमिनीलगत बसून चमकत असते. तिथे पाय पडला किंवा दिवे लागले, तर तिला उडून दुसरीकडे जाता येत नाही.