सुटकेच्या पुढचा न्याय

मुंबईहून कलकत्त्याकडे जाणारी गाडी नागपूर आणि दुर्ग मागे टाकते, तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्याची धुरांडी दिसू लागतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते तेथील पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून माणसे कामासाठी येथे आली. पण याच छत्तीसगडच्या खेड्यांतून माणसे पोटासाठी बाहेरही पडली, आणि त्यांतील कित्येकांच्या नशिबी दास्य आले.

माणसांच्या व्यापाराविरुद्ध १९०४ साली पॅरिसला जो आंतरराष्ट्रीय करार झाला, तो 'गोऱ्या गुलामां'पुरता, म्हणजे वेश्याव्यवसायासाठी नेल्या जाणाऱ्या स्त्रियांपुरता होता. संयुक्त राष्ट्रांच्या १९४९ च्या करारात वर्णाची अट नव्हती. तथापि त्याचाही रोख वेश्याव्यवसायावरच राहिला. सक्तीच्या श्रमासाठी १९३० चा करार निराळा होता. डॉ. आंबेडकरांच्या अध्यक्षतेखाली मसुदा झालेल्या आपल्या संविधानाने मात्र १९५० मध्येच, २३ व्या अनुच्छेदात, माणसांचा व्यापार आणि वेठबिगार ही दोन्ही पापे एकाच वाक्यात निषिद्ध ठरविली. जगाने या दोहोंची एकत्र व्याख्या केली ती पालेर्मोच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या करारात, नोव्हेंबर २००० मध्ये. छत्तीसगड राज्य जन्मले तेही त्याच महिन्यात.

परंतु निषेध म्हणजे निवारण नव्हे. १९७६ मध्ये वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला. पुढे १९८२ मध्ये फरिदाबादच्या दगडखाणींतून सोडविलेले सुमारे १३५ मजूर पुनर्वसनाच्या आश्वासनासह बिलासपूर जिल्ह्यातील आपापल्या गावी परतले. सहा महिने लोटले, तरी त्यांच्या हाती काही पडले नाही. पत्रकार नीरजा चौधरी यांनी हे पत्राने सर्वोच्च न्यायालयाला कळविले आणि ते पत्रच याचिका म्हणून दाखल झाले. ८ मे १९८४ च्या निकालात न्यायमूर्ती भगवती यांनी सांगितले की, पुनर्वसनावाचून केलेली सुटका त्या मजुरांना पुन्हा दास्यातच लोटील. त्यांना उभे करणे हे शासनाचे घटनात्मक कर्तव्य आहे.

२०१३ मध्ये भारतीय दंडविधानात मानवी व्यापाराचे कलम नव्याने घातले गेले. त्याच वर्षी छत्तीसगडने नोकऱ्या मिळवून देणाऱ्या खासगी दलालसंस्थांना नोंदणीचे बंधन घालणारा कायदा केला. आता ते कलम भारतीय न्याय संहितेत आले आहे. शिक्षा कडक झाल्या, हे योग्यच. पण कायद्याने दार उघडले, तरी उंबरठ्यापलीकडे भाकरी नसेल, तर सुटलेला माणूस पुन्हा त्याच दलालापुढे उभा राहतो. बिलासपूरच्या मजुरांनी न्यायालयाला शिकविलेला हा धडा आपणही विसरता कामा नये.