वाढणाऱ्याची गोष्ट

१९३५ साली प्रभातने एकनाथांवर चित्रपट केला. त्याचं नाव ‘महात्मा’ ठरलं होतं. सेन्सॉरने हरकत घेतली आणि तो ‘धर्मात्मा’ झाला. त्यात एकनाथ अस्पृश्याच्या घरी जेवायला जातात. म्हणजे जातीचा प्रश्न संतपटात पहिल्यापासून होता. फक्त गोष्ट जेवायला जाणाऱ्याची होती, वाढणाऱ्याची नव्हती. मी निपाणीकडची धनगराची लेक, म्हणून मला हे चटकन दिसतं.

पुढच्याच वर्षी ‘संत तुकाराम’ आला. विष्णुपंत पागनीसांचे तुकोबा भजनात दंग, आणि म्हैस, पोरं, रिकामी चूल सांभाळणारी जिजाई विठोबाचा उद्धार करते. ती साकारणाऱ्या गौरी मूळच्या प्रभातमध्ये किरकोळ कामं करणाऱ्या. संताच्या घरातली बाई एवढी खरी पडद्यावर क्वचितच आली.

साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये पंढरीच्या विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं झालं. तीनच वर्षांनी राम गबाल्यांचा ‘जोहार मायबाप’ आला. त्याच मंदिराबाहेर ठेवलेला संत चोखामेळा अखेर मधोमध उभा राहिला. भूमिका मात्र पु. ल. देशपांड्यांची, म्हणजे सारस्वत घरातल्या नटाची. तेव्हा त्यात कुणाला वावगं वाटलं नसेल. आज वाटायला हवं.

पुढे संत दिवाणखान्यात आले. २०१४ मध्ये ‘तू माझा सांगाती’मधून तुकोबा, २०२१ मध्ये ‘ज्ञानेश्वर माउली’. पण आमच्या घरी सगळे टीव्हीपुढे जमले ते २०१८ मध्ये, ‘बाळूमामाच्या नावानं चांगभलं’ सुरू झालं तेव्हा. बाळूमामा १८९२ साली अक्कोळला जन्मले. आईबाप सत्यव्वा आणि मायाप्पा. घर धनगराचं, तोंडी कानडी आणि मराठी दोन्ही. १९६६ साली आदमापुरात देह ठेवीपर्यंत मेंढरांमागे त्यांचं फिरणं चालू होतं. फेटा, खांद्यावर घोंगडं, कपाळी भंडारा असा पुरुष मालिकेचा नायक आहे, हे बघून माझी आई म्हणाली, ‘‘आपलं बी कुणीतरी दावलं की गं!’’ मला बोली जरा धुऊन घेतल्यासारखी वाटे, कानडी हेल हवा तेवढा सापडत नसे. आईला त्याचं काही नव्हतं. आजवर मालिकेत मेंढपाळ दिसला तर रस्ता दाखवायला, नाहीतर हसू आणायला.

पण धनगर आला म्हणून हिशेब मिटत नाही. चोखोबांच्या घरात एकटा चोखाच संत नव्हता. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मुलगा कर्ममेळा, मेहुणा बंका, सगळ्यांचे अभंग आहेत. विटाळ प्रत्येक देहाच्या जन्मातच आहे, मग सोवळा कोण, असा सवाल सोयराबाईने चौदाव्या शतकात केला. तिच्यावर रोजची मालिका काढा. कॅमेरा महाद्वाराबाहेर लावावा लागेल, आणि नायिकेसाठी दलित वस्त्यांमधल्या मुलींना बोलवावं लागेल. नव्वद वर्षं जेवायला येणाऱ्याची गोष्ट ऐकली; आता वाढणारीची ऐकू.