वऱ्हाडातील मासळी: डोहापासून दुकानापर्यंत

वऱ्हाडात मासेमारी हा मुख्यतः भोई समाजाचा व्यवसाय. पूर्णा आणि तिच्या उपनद्या उन्हाळ्यात आटल्या की मासे डोहांत गोळा होत आणि फेकजाळ्यात सहज सापडत. डोहात विषारी वनस्पती कालवणे किंवा सुरुंग उडवणे हे प्रकारही देशभर चालत. ते रोखण्यासाठी 1897 चा मत्स्यव्यवसाय कायदा आला. शिक्षा दोन महिन्यांपर्यंत कैद किंवा 200 रुपयांपर्यंत दंड. वऱ्हाड तेव्हा कागदोपत्री निजामाचे असल्याने ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे वेगळ्या अधिसूचनेने लागू करावे लागत. या कायद्याला काळजी होती ती माशांच्या साठ्याची. माशाला होणाऱ्या यातना त्याच्या विषयातच नव्हत्या.

तळ्यांत मासे पाळायचे तर बीज, म्हणजे माशांची इवली पिल्ले, हवे, आणि कटला, रोहू, मृगळ यांचे बीज गंगेच्या खोऱ्यातल्या नद्यांतून गोळा होई. बंगालचे व्यापारी ते मातीच्या हंड्यांतून रेल्वेने दूरदूर पाठवत. सोबतचा माणूस हाताने पाणी हलवून त्यात हवा मिसळत राही. त्याचा डोळा लागला की हंडीभर बीज मरे. जिवंत मासा पोहोचला तरच पैसे मिळत, म्हणून ही काळजी घेतली जाई. पुढे हंड्यांची जागा थोडे पाणी आणि वर प्राणवायू भरलेल्या प्लॅस्टिक पिशव्यांनी घेतली.

10 जुलै 1957 रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून माशांचे प्रेरित प्रजनन साधले आणि नदीतल्या बीजावरचे अवलंबित्व संपत आले. अकोल्याचे काटेपूर्णा, मोर्शीजवळ सिंभोरा येथे 1993 मध्ये पूर्ण झालेले अप्पर वर्धा अशा धरणांमुळे वऱ्हाडात मोठे जलाशय झाले. त्यांत मत्स्यबोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्ले, सोडायची आणि सहकारी संस्थांनी मासे धरायचे, ही पद्धत रुळली. संध्याकाळी लावलेल्या जाळ्यात कल्ले अडकलेला मासा सुटण्यासाठी धडपडतो आणि जाळे पहाटे ओढले जाईपर्यंत बहुधा गुदमरून मेलेला असतो. मेलेला मासाही विकला जातो, त्यामुळे इथे हंडीवाल्यासारखी काळजी घ्यायचे कारण उरत नाही.

मांगूर आणि मरळ यांची गोष्ट वेगळी. हे मासे हवेतूनही श्वास घेतात, म्हणून टबातल्या वीतभर पाण्यातही तगतात आणि जिवंत विकले जातात. त्यांची हीच सोशिकता पाळणाऱ्यांच्या पथ्यावर पडली. परदेशी थाई मांगूर घाण पाण्यात, अतिशय दाटीत, कत्तलखान्याचा टाकाऊ भाग खाऊन वाढतो. केंद्राने 2000 मध्ये त्याच्यावर बंदी घातली आणि 2019 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने ती कडकपणे राबवायला सांगितली. कारणे होती देशी माशांचा संहार आणि खाणाऱ्यांचे आरोग्य. दाटीत कोंडलेल्या माशाचे हाल त्यांत नव्हते.

1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात मनुष्य सोडून प्रत्येक सजीव 'प्राणी' ठरतो, म्हणजे मासाही. पण त्याखालच्या 1978 च्या वाहतूक नियमांत कुत्री, मांजरे, माकडे, गुरे, घोडे, शेळ्या-मेंढ्या आल्या, नंतर कोंबड्या आणि डुकरेही आली. माशांसाठी प्रकरण नाही. जागतिक पशुआरोग्य संघटनेने 2008 पासून पाळीव माशांच्या कल्याणाचे निकष काढले. मारण्यापूर्वी मासा बेशुद्ध करावा, हा त्यांतला एक. ब्रिटनमधील मोठे दुकानदार सामन मासा घेताना पुरवठादाराकडून अशा अटी पाळून घेतात. तिथे हे काम कायद्याइतकेच खरेदीच्या करारांनी केले.

भारतात विक्रेत्यावर जबाबदारी आली ती मासा हे अन्न आहे म्हणून. अन्न सुरक्षा कायदा, 2006 च्या कलम 27 प्रमाणे ज्या मालाचा उत्पादक किंवा वितरक सांगता येत नाही, त्याबद्दल विक्रेता जबाबदार धरला जातो. 2018 मध्ये मासळी टिकवण्यासाठी फॉर्मलिन हे रसायन वापरल्याच्या संशयावरून गोव्याने बाहेरची मासळी काही दिवस थांबवली, तेव्हा पुरवठादार कोण, हा प्रश्न ऐरणीवर आला. आंध्रातल्या तळ्यांचे मासे महाराष्ट्राच्या बाजारांत थर्माकोलच्या खोक्यात बर्फावर येतात. त्यांच्या विक्रेत्याला कलम 27 ची ही अट पाळायला पुरवठादाराचे नाव पुरते. मासा किती दाटीत वाढला आणि कसा मारला, याची नोंद त्यात मागितलेली नाही.