सरमेची अट

रायपूर शहरातील बुढापारा ही वस्ती बुढा तलावाच्या आधाराने वाढलेली आहे. या तलावाला आज विवेकानंद सरोवर म्हणतात. १८७७ ते १८७९ या काळात चौदा-पंधरा वर्षांचा नरेंद्रनाथ दत्त आपल्या वडिलांबरोबर याच भागात राहत होता, त्याची ती आठवण. भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांपैकी कित्येकांची बिऱ्हाडे या जुन्या मोहल्ल्यांत होती. माधवराव सप्रे यांच्या नावाची शाळाही बुढापाऱ्यातच आहे. या घरांत उंबरठ्याच्या आत मराठी आणि बाहेर हिंदी किंवा छत्तीसगडी चालते. छत्तीसगडी बोलीत कुत्र्याला ‘कुकुर’ आणि कोणत्याही जनावराच्या बच्च्याला ‘पिला’ म्हणतात. मराठी कानाला हा शब्द परका वाटण्याचे कारण नाही.

पावसाळा सरला की रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या विणी सुरू होतात. एखाद्या ओट्याखाली, वाळूच्या ढिगाआड किंवा पडक्या भिंतीच्या आडोशाला चार-सहा पिले दिसू लागतात. रायपूरचा उन्हाळा जितका प्रखर, तितक्याच हिवाळ्यातल्या रात्री बोचऱ्या. डिसेंबरात पारा तेरा-चौदा अंशांपर्यंत उतरतो. अशातच पिलांची आई मोटारीखाली सापडते किंवा नाहीशी होते. मग कोणत्याही गावात जे घडते तेच येथेही घडते. घरातली मुले ती पिले फ्रॉकच्या किंवा सदऱ्याच्या ओच्यात घालून आणतात. आजी ताटलीत गाईचे दूध ओतते आणि पचायला हलके जावे म्हणून त्यात थोडे पाणी घालते. पिले दुधात नाक बुडवतात, शिंकतात, कुंईकुंई करतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी एकेक पिलू गार पडू लागते. मुले रडतात आणि वडीलमाणसे म्हणतात, आईवाचून ती जगायचीच नव्हती.

हे वडीलमाणसांचे वाक्य खरे आहे काय, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्याचा इतिहासही वाटतो त्याहून पुष्कळ जुना आहे.

ऋग्वेदात सरमा नावाची देवांची कुत्री येते. पणींनी लपवलेल्या गाईंचा शोध लावण्यासाठी इंद्राने तिला पाठवले, हे बहुतेकांना ठाऊक असते. पण जाण्यापूर्वी तिने इंद्राला एक अट घातली, तिकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील एका ऋचेत सरमेने आपल्या संततीसाठी अन्न मिळवल्याचा उल्लेख आहे, आणि त्यावर भाष्य करताना सायणाचार्यांनी ही कथा दिली आहे. माझ्या पिलांना दूध मिळणार असेल तरच मी जाईन, असे सरमा म्हणाली आणि इंद्राने ते मान्य केले. आई कामगिरीवर गेली तर मागे पिलांच्या दुधाचे काय, हा तिचा प्रश्न होता. पुढे बृहद्देवतेने तिच्यावर असा आळ घेतला की पणींनी दिलेले दूध पिऊन ती फितली. परंतु ऋग्वेदातील संवादसूक्तात ती कोणत्याही आमिषाला भुललेली दिसत नाही. महाभारताच्या आदिपर्वातही ती पुन्हा भेटते. जनमेजयाच्या यज्ञात शिरलेल्या तिच्या पोराला राजाच्या भावांनी निष्कारण मारले आणि ते रडत आईकडे गेले. हवीकडे पाहिलेही नाही, त्याला जीभही लावली नाही, असे त्याने सांगितले. सरमा थेट यज्ञमंडपात गेली आणि तिने राजाला शाप दिला. त्या पोराला निदान आई होती.

इंद्राने अट मान्य केली खरी, पण ती पाळण्याचे काम कोणाचे, हे त्या कथेत नाही. ते सांगितले पारशांच्या धर्मग्रंथाने. ‘वेंदिदाद’ या अवेस्ती ग्रंथाच्या पंधराव्या प्रकरणात व्यायला झालेल्या कुत्रीविषयी नियम आहेत. ती ज्याच्या घराजवळ असेल त्याने तिला पोसावे, नाही पोसले तर तो अपराधी. पिलांना कोठवर सांभाळावे? दोनदा सात घरांभोवती पळत फेरी घालण्याइतकी ती मोठी होईपर्यंत. कुत्र्याच्या पिलाकडे सहा महिने लक्ष ठेवावे आणि माणसाच्या मुलाकडे सात वर्षे, असेही तेथे म्हटले आहे. जबाबदारी कोणावर आणि ती कधी संपते, या दोन्ही गोष्टी इतक्या नेमकेपणाने ठरवणारा जुना कायदा दुसरा आढळणे कठीण.

या श्रद्धेची धग एकदा मुंबईच्या सरकारला चांगलीच लागली. मोकाट कुत्री मारण्याची मोहीम मुंबईत वर्षाच्या ठरावीक महिन्यांत चाले. १८३२ साली तिची मुदत जूनच्या मध्यापर्यंत वाढवली गेली आणि मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे इनाम असल्याने शिपाई घराच्या दारातली कुत्रीही ओढून नेऊ लागले. ६ जून हा पारशांचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कोटात जमाव शिपायांवर धावून गेला. दुसऱ्या दिवशी हरताळ पडला, त्यात हिंदू, जैन आणि मुसलमान व्यापारीही सामील झाले, कुलाब्याच्या सैन्याची रसद अडली आणि अखेर दंगलीचा कायदा पुकारावा लागला. मुंबईच्या आधुनिक इतिहासातली ही पहिली मोठी दंगल कुत्र्यांपायी झाली, हे आज कोणाला खरे वाटत नाही. तिच्यातूनच जमशेटजी जीजीभाई आणि शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने १८३४ साली मुंबईची पांजरापोळ उभी राहिली.

पांजरापोळीने जनावरांना निवारा दिला, दाणावैरण दिली आणि मुख्य म्हणजे मारेकऱ्यांपासून अभय दिले. परंतु डोळे न उघडलेल्या पिलाचा प्रश्न अभयाने सुटत नाही. कुत्र्याविषयी आपल्या लोकांच्या मनात आदर नव्हता असे नाही. खुद्द छत्तीसगडात बालोद जिल्ह्यातील खपरी गावी कुकुरदेवाचे मंदिर आहे. एका बंजाऱ्याने आपला इमानी कुत्रा सावकाराकडे गहाण ठेवला. त्याने सावकाराचा चोरीला गेलेला माल शोधून दिला, तेव्हा सावकाराने त्याच्या गळ्यात चिठ्ठी बांधून त्याला परत पाठवले. कुत्रा पळून आला अशा समजुतीने बंजाऱ्याने त्याला ठार केले, चिठ्ठी मागाहून वाचली, आणि त्याच्या स्मरणार्थ हे देऊळ झाले, अशी आख्यायिका आहे. मेलेल्या कुत्र्याचे देऊळ होऊ शकते. जिवंत पिलाला रात्रीतून चार वेळा उठून पाजणे याला मात्र श्रद्धेपेक्षा निराळ्या प्रकारची माहिती लागते, आणि ती यायला एकोणिसाव्या शतकाची अखेर उजाडावी लागली.

बाझल येथील शरीरशास्त्रज्ञ गुस्ताव फॉन बुंगे याने निरनिराळ्या प्राण्यांच्या दुधाचे पृथक्करण करण्यात अनेक वर्षे घालवली. नुकत्याच जन्मलेल्या पिलाची राख आणि त्याच्या आईच्या दुधाची राख यांतील क्षारांचे प्रमाण जवळजवळ एकच असते, असे त्याला दिसून आले. पुढे त्याने व त्याचा शिष्य आब्देरहाल्डन याने एक साधे कोष्टक सिद्ध केले. जन्माच्या वेळचे वजन दुप्पट व्हायला माणसाच्या मुलाला १८० दिवस लागतात, वासराला ४७ आणि कुत्र्याच्या पिलाला अवघे ९. त्याच क्रमाने आईच्या दुधातील प्रथिने शेकडा १.६, ३.५ आणि ७.४. ज्याला जितके झपाट्याने वाढायचे त्याच्या आईचे दूध तितके सकस. बुढापाऱ्यातील आजीच्या ताटलीत काय चुकले ते या तीन आकड्यांत आहे. गाईचे दूध हे सत्तेचाळीस दिवसांत दुप्पट होणाऱ्या जीवासाठी आहे. स्निग्धांशही त्यात कुत्रीच्या दुधाच्या निम्म्याहून कमी, दुग्धशर्करा मात्र अधिक. पिलाच्या इवल्या पोटात मावून मावून किती मावणार? शिवाय जास्तीची साखर पचत नाही, पिलाला हगवण लागते आणि अंगातले पाणी जाते. त्यात आजीने हलके व्हावे म्हणून पाणी घातलेले असते. ते मुळात पातळ असलेल्या दुधाला आणखी पातळ करते. आजीचा दोष नाही. माणसाच्या तान्ह्या मुलाला गाईचे दूध पाजताना पाणी घालण्याची रीत तिने पाहिलेली असते, आणि माणसाचे मूल व कुत्र्याचे पिलू या बाबतीत नेमक्या उलट टोकांना आहेत. गुरांच्या डॉक्टरांकडे आज पिलांसाठी खास दुधाची भुकटी मिळते. ती हाती येईपर्यंतच्या एखाद्या दिवसासाठी निरशा दुधात साय आणि अंड्याचे पिवळे बलक घालून वेळ निभावतात.

दुधाच्याही आधी उबेचा विचार हवा. पहिल्या आठवड्यात पिलाला स्वतःच्या अंगची ऊब राखता येत नाही. त्याला थंडीने कापताही येत नाही. आईच्या कुशीत आणि भावंडांच्या ढिगात त्याला तीस-बत्तीस अंशांची हवा मिळत असते. रायपूरच्या पौषातल्या फरशीवर ते काही तासांत गार होते, आणि गार पडलेल्या पिलाची आतडी काम करीत नाहीत. अशा पिलाला घाईघाईने पाजलेले दूध पोटात तसेच राहून नासते. म्हणून आधी ऊब, मग दूध, हा क्रम कधी मोडू नये. खोक्यात तरटावर जुने धोतर अंथरून एका बाजूला फडक्यात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली ठेवावी. एकाच बाजूला अशासाठी की फार उकडले तर पिलाला दुसरीकडे सरकता यावे.

पाजण्याची रीतही आपल्या सवयीच्या उलट आहे. तान्ह्या मुलाला मांडीवर उताणे घेऊन बोंडल्याने दूध पाजण्याची आपल्या घरांतली जुनी पद्धत पिलाच्या बाबतीत घातक ठरते, कारण दूध श्वासनलिकेत उतरून फुप्फुसे भरतात. पिलाला पोटावर ठेवावे, मान किंचित वर असावी आणि ते स्वतः चोखील तेवढेच द्यावे. पहिल्या आठवड्यात दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा. रोज तराजूत घालावे. वजन वाढत नसेल तर बाकी सारे ठीक दिसूनही काही तरी बिघडले आहे असे समजावे.

सर्वांत अधिक लोकांना ठाऊक नसलेली गोष्ट अगदी क्षुल्लक दिसते. पहिले दोन-तीन आठवडे पिलाला आपणहून लघवी व शौच करता येत नाही. आई त्याचे पोट आणि शेपटीखालचा भाग चाटते तेव्हाच ते होते. आई पिलांना स्वच्छ करते असे आपण म्हणतो, पण त्या चाटण्याने ती त्यांचे शरीर चालू ठेवीत असते. माणसाने पोटभर पाजलेली, उबेत ठेवलेली पिले पोट फुगून दगावतात त्यामागे पुष्कळदा हे कारण असते. कोमट पाण्यात भिजवलेला कापसाचा बोळा दर पाजण्याच्या आगेमागे हळुवार फिरवला की काम होते.

एक गोष्ट मात्र माणसाला देता येत नाही. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसभरात आईच्या चिकातून जी रोगप्रतिकारक द्रव्ये पिलाच्या रक्तात जातात, त्यांना पर्याय नाही. चीक न मिळालेले पिलू इतर कुत्र्यांपासून दूर ठेवावे आणि लशींचा काळ डॉक्टरांना विचारून ठरवावा. आईचा मृत्यू संशयास्पद असेल, तर पिले हाताळणाऱ्यांनी आधी आपल्यासाठी डॉक्टर गाठावा. पाश्चरने १८८५ साली पहिल्यांदा माणसाला श्वानदंशाची लस टोचली. पण तो रोग एकदा प्रकट झाला की आजही त्यातून क्वचितच कोणी वाचते.

दहा ते चौदा दिवसांत पिलाचे डोळे उघडतात, मागाहून कान. येथून निराळी काळजी सुरू होते. अमेरिकेत बार हार्बर येथील प्रयोगशाळेत जॉन स्कॉट आणि जॉन फुलर यांनी कुत्र्यांच्या वाढीचा दीर्घ अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९६५ साली निघाला. तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्यापर्यंत पिलू ज्यांच्यात वावरते त्यांनाच ते आपले मानते, असा त्यांचा निष्कर्ष. चौदा आठवडे माणसापासून दूर ठेवलेली पिले त्याच संस्थेतील प्रयोगात रानटी जनावरांसारखी बुजरी निघाली. याची दुसरी बाजू घरच्या दयाळू मंडळींनी लक्षात घ्यावी. केवळ माणसांच्या मांडीवर एकटे वाढलेले पिलू कुत्र्यांत अनोळखी ठरते, आणि दात किती जोराने लावावा हे त्याला कोणी शिकवलेले नसते. भावंडे वाचली असतील तर ती वेगवेगळ्या घरी वाटून देण्याची घाई करू नये.

कायद्याने या विषयात उशिरा लक्ष घातले. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांच्या प्रयत्नांमागून १९६० साली प्राणिक्लेशप्रतिबंधक कायदा झाला आणि उपासमार होईल अशा स्थितीत जनावर टाकून देणे हा त्यात अपराध ठरला. २००१ आणि २०२३ च्या नियमांनी रस्त्यावरची कुत्री मारण्याऐवजी त्यांची नसबंदी आणि लसीकरण हा मार्ग घालून दिला. आकडे मात्र आशादायक नाहीत. पश्चिम बंगालमधील सात ठिकाणी पाच वर्षे केलेल्या आणि २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत ३६४ पिलांपैकी प्रजननाच्या वयापर्यंत सुमारे १९ टक्केच पोचली, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे कोणत्या ना कोणत्या रीतीने माणूस होता.

याच संशोधकांनी, अनिंदिता भद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, आणखी एक गोष्ट टिपली आहे. रस्त्यावरच्या कुत्र्यांत आजी आणि इतर माद्याही दुसरीच्या पिलांना सांभाळतात, क्वचित पाजतातही. म्हणून पोरके पिलू हाती आले की बोंडले शोधण्याआधी मोहल्ल्यात दुसरी नुकतीच व्यालेली कुत्री आहे का, ते पाहावे. तिच्या पिलांच्या अंथरुणातले फडके पोरक्याच्या अंगावर चोळावे, म्हणजे वास एक होतो. ती दूर असताना त्याला तिच्या पिलांत सोडावे आणि आडोशाला उभे राहून वाट पाहावी. ती गुरगुरली तर पिलू काढून घ्यावे. ती त्याला हुंगते, नाकाने उलटे करते आणि त्याचे पोट चाटू लागते, तेव्हा कापसाचा बोळा ठेवून द्यावा.