आधी फळ्या की आधी बरगड्या?

लाकडी जहाज कसे बांधत असतील, असे वर्गात विचारले तर बहुधा एकच उत्तर येईल : तळाशी कणा ठेवायचा, त्यावर बरगड्या उभ्या करायच्या आणि बाहेरून फळ्या ठोकायच्या. जहाजांच्या लाकडी प्रतिकृती करणारे हौशी लोकही सहसा याच क्रमाने जातात. प्राचीन भूमध्य सागरातील सुतारांचा क्रम मात्र नेमका उलटा होता.

आधी फळ्यांची अडचण समजून घेऊ. जहाजाच्या पोटाचा घेर मध्यभागी जास्त आणि टोकांकडे कमी असतो. सारख्या रुंदीच्या फळ्या लावत गेलो, तर टोकाशी त्या एकमेकींवर चढतात. म्हणून प्रत्येक बरगडीपाशी घेर मोजून त्याला फळ्यांच्या संख्येने भागावे लागते. प्रतिकृतीच्या एका बाजूचा घेर मध्यभागी २० सेंटिमीटर, टोकाशी १२ सेंटिमीटर आणि फळ्या २० असतील, तर प्रत्येक फळी १ सेंटिमीटरपासून ६ मिलिमीटरपर्यंत निमुळती करावी लागेल.

पण बरगड्याच नसतील तर मोजायचे कशावर? सुमारे २३०० वर्षांपूर्वी सायप्रसच्या किनाऱ्याजवळ एक व्यापारी जहाज बुडाले. मायकेल कात्झेव यांच्या चमूने १९६८-६९ मध्ये त्याचे उत्खनन केले. किरेनिया या गावावरून ओळखले जाणारे हे जहाज सुमारे १४ मीटर लांब होते. त्याच्या फळ्यांच्या कडांत समोरासमोर खाचा कोरून त्यांत लाकडी पट्ट्या बसवल्या होत्या आणि खुंट्या मारून त्या पक्क्या केल्या होत्या. अशा हजारो जोडण्या होत्या. बरगड्या मात्र कण्याला जोडलेल्याच नव्हत्या! म्हणजे त्या आधी उभ्या राहणे शक्य नव्हते. फळ्यांचे कवच प्रथम तयार झाले, बरगड्या नंतर आत बसल्या. जहाजाचा आकार सुताराची नजर आणि फळ्यांच्या कडा ठरवत होत्या.

या जहाजाचे तुकडे पुन्हा जुळवण्याचे काम रिचर्ड स्टेफी यांनी केले. ते अमेरिकेतील एका लहान गावात विजेची कामे करणारे व्यावसायिक. पुरातत्त्वाची पदवी त्यांच्यापाशी नव्हती, पण जहाजांच्या प्रतिकृती करण्याचा दांडगा छंद होता. त्यांच्या दृष्टीने प्रतिकृती ही शोभेची वस्तू नव्हती, तो एक प्रयोग होता. एखादी फळी अमुक जागी होती असे मानले, तर तिची वक्रता, खाचा आणि खिळ्यांची भोके शेजारच्या तुकड्यांशी जुळायला हवीत. जुळली नाहीत, तर गृहीतक चूक. पुढे ते टेक्सासमध्ये या विषयाचे प्राध्यापक झाले.

त्यांनीच अभ्यासलेल्या आणखी दोन जहाजांवरून पुढचा बदल कळतो. दोन्ही तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर सापडली. सातव्या शतकातील यासी आदा येथील जहाजात पाण्याखालच्या फळ्यांना विरळ, कमकुवत जोडण्या होत्या. वरच्या फळ्या थेट बरगड्यांवर ठोकल्या होत्या. अकराव्या शतकातील सेर्चे लिमानी येथील जहाजात अशा जोडण्या उरल्याच नव्हत्या. खाचा कोरण्याचे कष्ट आणि कुशल मजुरी वाचली. बळकटीचा भार कवचाकडून सांगाड्याकडे गेला.

आपल्याकडे हिंदी महासागरात काथ्याने शिवलेल्या जहाजांतही फळ्या आधी आणि बरगड्या नंतर असा क्रम असे. अजिंठ्याच्या चित्रावरून गोव्यात बांधलेले असे शिवलेले जहाज 'कौंडिण्य' या नावाने मे २०२५ मध्ये कारवार येथे नौदलात दाखल झाले. त्याचे मूळ आराखडे उपलब्ध नव्हते, म्हणून तेथेही प्रतिकृती करून पाण्यात चाचण्या घ्याव्या लागल्या.

शिक्षकांना एक प्रयोग सुचवावासा वाटतो. विद्यार्थ्यांना एक लिंबू आणि सारख्या रुंदीच्या कागदी पट्ट्या द्या. पट्ट्या एकमेकींवर न चढवता, देठापासून टोकापर्यंत उभ्या लावून लिंबू झाकायला सांगा. कात्री कुठे आणि किती चालवायची, याचा हिशेब त्यांनी आधी वहीत मांडावा, मग कागद कापावा. हिशेब आणि कागद जुळले नाहीत, तर दोघांपैकी काय तपासायचे, हेही त्यांनाच ठरवू द्या.